जळगावची दोन दिवसांची ड्राय नीडलिंग कार्यशाळा: हातापायांसाठी जा, पाठीसाठी थांबा

ड्राय नीडलिंग म्हणजे औषध न भरता नुसती बारीक सुई स्नायूतल्या दुखऱ्या जागी टोचून दुखणं उतरवायचं. फिजिओथेरपिस्टांसाठी दोन दिवस, कागदावर १६ तास, फी साडेसात हजार. त्यात दोन्ही दिवसांचं जेवण, छापील पुस्तिका आणि १०० सुयांचं एक खोकं. शेवटी ‘सर्टिफाइड ड्राय नीडलिंग प्रॅक्टिशनर’ असं प्रमाणपत्र. पोटरी, मांडी, नितंब आणि कोपराखालचा हात एवढ्यापुरतं बोलायचं तर पैसे वसूल. मान, खांद्याची पाती आणि बरगड्यांवरचे स्नायूही याच १६ तासांत कोंबलेत, ते मात्र शिकवलेत असं म्हणवत नाही. आयोजकांचं नाव मुद्दाम देत नाही. अशा कार्यशाळा जळगाव, धुळे, नाशिककडे साधारण एकाच साच्यातून निघतात, त्यामुळे इथलं बरंवाईट बाकीच्यांनाही लागू पडतं.

पहिल्या दिवशी सकाळचे तीन तास स्लाइड. ट्रिगर पॉइंट, म्हणजे स्नायूतल्या घट्ट दुखऱ्या गाठी, त्यांवरचं डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल आणि डॉ. डेव्हिड सिमन्स यांचं काम, कॅरेल लेविट यांनी १९७९ साली मांडलेला ‘नीडल इफेक्ट’, म्हणजे औषध न भरताही नुसत्या सुईने दुखणं उतरतं हे निरीक्षण. हा भाग नेटका होता. अ‍ॅक्युपंक्चरच्या इतिहासाची स्लाइड मात्र बदलायला हवी. सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांनी ही विद्या भारतात आणली असं तिच्यावर लिहिलं होतं. कोटणीस १९४२ मध्ये चीनमध्येच वारले. भारतातून चीनला गेलेल्या त्यांच्याच वैद्यकीय पथकातले डॉ. विजयकुमार बसू १९५०च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला गेले, तिथे शिकले आणि कोलकात्यात त्यांनी उपचार सुरू केले. प्रशिक्षणाच्या पहिल्या तासाला एवढं तरी तपासून सांगावं.

कायद्याचा भाग दहा मिनिटांत उरकला, आणि प्रश्न सगळ्यात जास्त तिथेच आले. केंद्र सरकारने २००३ मध्ये अ‍ॅक्युपंक्चरला उपचाराचा एक प्रकार म्हणून मान्यता दिली, २०१९ मध्ये स्वतंत्र आरोग्यसेवा-पद्धती म्हणून. महाराष्ट्राने २०१५ चा स्वतंत्र अ‍ॅक्युपंक्चर कायदा केला, त्याखाली परिषद आहे आणि अ‍ॅक्युपंक्चरिस्ट म्हणून दुकान थाटायचं तर तिथली नोंदणी लागते. फिजिओची नोंदणी ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपीच्या राज्य परिषदेत. या दोन दिवसांच्या कागदावर दवाखान्याच्या पाटीला ‘अ‍ॅक्युपंक्चर’ हा शब्द चढवता येत नाही, हे सरळ वाक्यात सांगायला हवं होतं. एका सहभागीने विचारलंच, तर उत्तर मिळालं, "आपण मेरिडियन वापरत नाही ना, मग झालं." (मेरिडियन म्हणजे अ‍ॅक्युपंक्चर मानतं त्या शरीरातल्या ऊर्जेच्या वाहिन्या.) अर्धवट उत्तर आहे हे. दुखऱ्या जागी सुई टोचण्याची पद्धत अ‍ॅक्युपंक्चरमध्ये ‘आशी’ बिंदू म्हणून आधीपासून आहे, आणि त्यावरून दोन्हीकडच्या संघटना देशोदेशी भांडत आल्या आहेत. भांडण चालू राहील. फुप्फुसाला सुई कुठल्या शास्त्राने घातली ते कळत नाही, त्यामुळे सुरक्षिततेचं प्रशिक्षण दोघांनाही सारखंच लागतं.

आता जे चांगलं शिकवलं ते. दुपारनंतर दोघादोघांच्या जोड्या लावून एकमेकांवर सराव. तीस जण, एक मुख्य प्रशिक्षक आणि दोन सहायक. सुरुवात पोटरीपासून केली हे शहाणपणाचं, कारण पोटरीच्या मोठ्या स्नायूच्या, म्हणजे गॅस्ट्रोक्नेमियसच्या, आतल्या बाजूच्या भागात घट्ट पट्टा बोटाला चटकन लागतो आणि तिथे चुकलं तरी जिवावर बेतत नाही. क्रम असा बसवून घेतला: रुग्ण झोपलेला, बसलेला कधीच नाही, कारण भोवळ आली तर खाली कोसळतो. हात साबणाने धुतलेले, कातडी ७० टक्के अल्कोहोलने पुसून सुकू दिलेली. ओल्या अल्कोहोलमधून सुई गेली की झोंबतं आणि जंतू मरायलाही वेळ मिळत नाही. मग पट्टा दोन बोटांत पक्का धरायचा, सुई ज्यातून आत सोडतात ती नळी कातडीवर दाबून टेकवायची, सुईच्या मुठीवर एक टिचकी. तीन-चार मिलिमीटर आत गेली की नळी काढायची आणि पुढे हळूहळू.

स्नायू फडकला, म्हणजे ट्विच मिळाला, की जागा सापडली. इथे बहुतेकांचा हात चुकतो. ट्विच मिळाला नाही की सुई आतल्या आत तिरकी करून दिशा बदलायला जातात. त्याने दंडा वाकतो, तंतू फाटतात आणि रुग्ण दुसऱ्यांदा येत नाही. दिशा बदलण्याआधी सुई कातडीखालपर्यंत मागे ओढायची, कोन बदलायचा, मग पुन्हा आत. सहायकांपैकी एक बाई प्रत्येकाच्या मनगटाला स्वतःचं बोट लावून हा मागे-पुढेचा प्रवास करून घेत होत्या. पूर्ण कार्यशाळेतला सगळ्यात मोलाचा अर्धा तास तो.

सुई मुठीपर्यंत कधी खुपसायची नाही, निदान सेंटिमीटरभर दंडा बाहेर दिसला पाहिजे, हेही बजावलं. सुई तुटते ती बहुधा मूठ आणि दंडा जिथे जुळतात तिथे. बाहेर काही शिल्लक असेल तर चिमट्याने ओढता येते, नाहीतर शस्त्रक्रियेचं टेबल. अडकलेल्या सुईचं प्रात्यक्षिक आपोआपच घडलं. एकाच्या पोटरीला गोळा आला आणि सुई हलेना. ओढाताण न करता पाय सैल सोडायला लावला, बाजूच्या स्नायूवर हलके थोपटलं, दोनेक मिनिटांत निघाली. तरीही न सुटली तर शेजारी दुसरी सुई टोचून आकडी मोडतात, आणि एकाच दिशेने फिरवून अडकली असेल तर उलटी फिरवतात. सुई काढल्यावर कोरड्या कापसाने अर्धा-एक मिनिट दाब. पोटरीत हा दाब चुकवला की दुसऱ्या दिवशी निळा डाग ठरलेला.

सुयांच्या मापांबद्दल पुस्तिकेत तक्ता आहे आणि तो बरोबर आहे. कोपराखालच्या एक्स्टेन्सरला, म्हणजे मनगट मागे वळवणाऱ्या स्नायूला, ०.२५ बाय २५ किंवा ४० मिलिमीटर (जाडी बाय लांबी), पोटरीला ०.३० बाय ४० ते ५०, नितंबातल्या ग्लुटियस मेडियसला ६०, त्याखालच्या ग्लुटियस मिनिमसला ७५. केळीच्या बागेतून घड उचलून गाडीपर्यंत नेणारा रावेर-यावलकडचा मजूर आणि जळगावच्या पेढीवर दिवसभर बसलेला माणूस यांच्या नितंबावर चरबीचा थर सारखा नसतो. एकाला ५० ची सुई हाडाला टेकते, दुसऱ्याला ७५ ची पुरत नाही. हा फरक प्रशिक्षकांनी दोन वेगवेगळ्या अंगकाठीच्या सहभागींवर दाखवला, तो छान होता.

दुसऱ्या दिवशी जेवणात वरण-बट्टी आणि भरताची वांगी. त्यावर लगेच बरगड्यांवरच्या स्नायूंचा तास. सगळ्या अभ्यासक्रमात जो भाग जागं राहून शिकायचा, तो खानदेशात बट्टीनंतर ठेवणाऱ्याला काय म्हणावं! एका तासात अप्पर ट्रॅपेझियस, मानेपासून पात्यापर्यंतचा लेव्हेटर स्कॅप्युली, कणा आणि पात्याच्या मधला ऱ्हॉम्बॉइड, पात्यावरचा इन्फ्रास्पायनेटस, पाठीच्या कण्यालगतचे पॅरास्पायनल आणि वर पाच मिनिटं डोकेदुखीसाठी कवटीच्या तळाखालचे, मानेतले सबऑक्सिपिटल. प्रशिक्षकांनी पडद्यावर चित्र दाखवलं, एका स्वयंसेवकावर पाच स्नायू टोचून दाखवले, मग "आता करा".

अप्पर ट्रॅपेझियसचंच घ्या. खांदा आणि मान यांच्या मधली ती जाड वळी. खानदेशातल्या दवाखान्यात येणारी ‘मान आखडली’, ‘आठे दुखस’ म्हणत बोट ठेवलेली जागा बहुतेक वेळा हीच. घड खांद्यावर वाहणारे असोत की दिवाळीपासून कापूस वेचणाऱ्या बाया, पहिली तक्रार इथलीच. अ‍ॅक्युपंक्चरमधला जीबी २१ बिंदूही इथेच आहे, आणि फुप्फुस फुटण्याच्या नोंदींमध्ये ही जागा पुन्हा पुन्हा येते. फुप्फुसाचं टोक हसळीच्या आतल्या तिसऱ्या भागाच्या वर अडीच-तीन सेंटिमीटर उठलेलं असतं. कृश माणसाच्या खांद्यावर वरून खाली सरळ सुई मारली तर मध्ये फारसं काही उरत नाही.

म्हणून ही सुई वरून खाली मारतच नाहीत. स्नायूची वळी अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीत धरून फुप्फुसापासून वर, स्वतःकडे उचलायची. चिमटीत फक्त स्नायू आहे हे बोटांनी पुढून-मागून चाचपून पाहायचं. सुई चिमटीच्या एका बाजूने आत जाऊन दुसऱ्या बाजूच्या बोटाच्या दिशेने यावी, टोक बोटाला जाणवलं पाहिजे, आणि सुई बाहेर येईपर्यंत चिमूट सोडायची नाही. सरावात जोड्यांपैकी कितीतरी जण ट्विच आला की आनंदाने चिमूट ढिली करत होते आणि सुई आतच होती. तीस जणांना तीन माणसं, एका तासात, सहा स्नायू. कोणाच्या चिमटीकडे कोण बघणार?

ऱ्हॉम्बॉइडला तर दोन बोटं बरगडीच्या वरच्या-खालच्या फटीत ठेवून बरगडीवरच तिरकी सुई न्यायची असते. बोट अर्धा सेंटिमीटर घसरलं की खाली फट. दोन दिवसांच्या कार्यशाळेतून हा स्नायू वगळायलाच हवा. इन्फ्रास्पायनेटस त्या मानाने बरा, खाली पात्याचं हाड आडवं येतं. पण पात्याची कड चाचपून ठरवल्याशिवाय तिथेही नाही. आणि सबऑक्सिपिटल पाच मिनिटांत? त्या जागेच्या खाली मेंदूला रक्त नेणारी व्हर्टिब्रल धमनी आणि मज्जारज्जू आहे. तो दुसऱ्या स्तराचा, परीक्षेनंतरचा विषय.

फुप्फुस फुटल्याची लक्षणं एका स्लाइडवर होती: श्वास घेताना छातीत कळ, दम लागणं, कोरडा खोकला. ती टेबलावरच दिसतील असं नाही, काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशीही येतात, हे सांगितलं नाही. आपल्याकडे याला फार महत्त्व आहे. नंदुरबारच्या दवाखान्यातून संध्याकाळच्या एसटीने धडगाव किंवा अक्कलकुव्याच्या पाड्यावर गेलेल्या रुग्णाला रात्री दम लागला तर तो "सुईने अंग दुखतंय" म्हणून झोपून राहील. बरगड्यांच्या आसपास सुई टोचलेल्या प्रत्येकाला जाण्याआधी तोंडी, त्याच्या बोलीत, सोबत आलेल्या माणसासमोर सांगायला हवं: दम लागला तर लगेच ग्रामीण रुग्णालय गाठायचं, छातीचा एक्स-रे काढायचा, आणि सुई टोचली होती हे डॉक्टरला सांगायचं. लांब जाणाऱ्या रुग्णाला अशा जागी संध्याकाळी सुई मारूच नये. संमतीपत्राचा नमुना दिला तो संपूर्ण इंग्रजीत. निदान मराठी तरी हवा होता, अहिराणी-भिलीत तोंडी समजावायच्या चार ओळी असत्या तर सोन्याहून पिवळं.

घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही. जर्मनीत २,२९,२३० रुग्णांवरचा मोठा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. डॉक्टरांनी केलेल्या अ‍ॅक्युपंक्चरमध्ये ८.६ टक्के रुग्णांना काही ना काही त्रास नोंदला गेला, बहुतेक किरकोळ: रक्त येणं, निळं पडणं, दुखणं. फुप्फुस फुटल्याच्या दोन घटना. शिकलेल्या हातात हे काम सुरक्षित आहे. पण तो आकडा शिकलेल्या हातांचा आहे.

‘कोणाला टोचू नये’ ही यादी पुस्तिकेत आहे: रक्त पातळ करणारी गोळी चालू, रक्त गोठण्याचा आजार, गरोदरपण, सूज आलेला लिम्फेडिमाचा हात, आटोक्यात नसलेला मधुमेह, आणि सुयांना वीज जोडायची तर पेसमेकर. ही यादी कुठल्याही शहरात चालेल अशी आहे. खानदेशासाठी त्यात सिकलसेल हवा, म्हणजे लाल रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार. सातपुड्याच्या पट्ट्यात, भिल आणि पावरा समाजात हा आजार बराच आहे. तरुण मुलगा खुब्यात दुखतं म्हणून येतो, तपासताना नितंबात खोल असलेला पिरिफॉर्मिस स्नायू घट्ट लागतो, ७५ ची सुई काढायचा मोह होतो. आत खुब्याच्या हाडाचा गोळा रक्ताअभावी मरत असू शकतो, सिकलसेलमध्ये हे ठाऊक असलेलं गुंतागुंतीचं दुखणं आहे. तिथे स्नायू आखडतो तो सांध्याला वाचवण्यासाठी. सुईने दोन दिवस बरं वाटेल आणि एमआरआय महिनाभर लांबेल. हाडांत अचानक उठणारी कळ हा सिकलसेलचा झटकाही असू शकतो. सिकलसेलची तपासणी झाली आहे का, कार्ड आहे का, हा प्रश्न नंदुरबार-धुळे-चोपड्याच्या तपासणी फॉर्मवर छापूनच घ्यावा.

कचऱ्याचं सांगायलाच हवं. पहिल्या दिवशी वापरलेल्या सुया मिनरल वॉटरच्या रिकाम्या बाटलीत टाकल्या जात होत्या. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे सुया पांढऱ्या, अर्धपारदर्शक, सुई आरपार न जाणाऱ्या डब्यात जातात. तीन-चतुर्थांश भरला की डबा बंद. कोणीतरी बोललं तेव्हा दुसऱ्या दिवशी खरा डबा आला, पण हॉलला एकच. मग सुया ट्रेवर ठेवून डब्यापर्यंत चालत जाणं आलं. डबा प्रत्येक टेबलाशी, हाताच्या अंतरावर लागतो. किती सुया टोचल्या आणि किती काढल्या, दोन्ही मोजून लिहायच्या. केसांत किंवा टॉवेलच्या घडीत राहिलेली सुई नंतर सफाईवाल्या मावशींना लागते. एकमेकांवर सुया टोचणाऱ्या तीस जणांना हिपॅटायटिस बीची लस घेतली आहे का, हे नोंदणीच्या वेळी विचारलंच नव्हतं. पुढच्या तुकडीत जाणाऱ्यांनी तीन डोसांचा हिशेब आधी लावावा. ०, १ आणि ६ महिने म्हणजे आजपासून अर्धं वर्ष लागतं.

परीक्षा म्हणाल तर वीस बहुपर्यायी प्रश्न, सगळे पास. प्रात्यक्षिक परीक्षा नाही. एक साधी परीक्षा सुचवतो: कातडीवर लिहिणाऱ्या पेन्सिलने समोरच्या माणसाच्या अंगावर प्लुराची, म्हणजे फुप्फुसाभोवतीच्या आवरणाची, खालची सीमा आखायची. हसळीच्या मध्यरेषेवर आठवी बरगडी, काखेच्या मध्यरेषेवर दहावी, पाठीच्या कण्याशेजारी बारावी. फुप्फुस साधारण दोन बरगड्या वर थांबतं. ज्याला ही रेष आखता येत नाही त्याला छातीवर आणि पाठीवर सुई नाही. दहा मिनिटांचं काम, आणि प्रमाणपत्राला वजन येईल.

तासांचं बोलायचं तर १६ पैकी चहा, जेवण, फोटो आणि सत्कार वजा जाता प्रत्यक्ष सुई हातात असण्याचा वेळ पाचेक तासांचा, तोही दोघांत वाटलेला. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत वैद्यकीय पार्श्वभूमी नसलेल्याला पूर्ण अ‍ॅक्युपंक्चरसाठी २५०० तास सांगितलेत, त्यातले १००० प्रत्यक्ष कामाचे. डॉक्टरला पूर्ण प्रशिक्षणाचे १५०० आणि मर्यादित वापरासाठी किमान २००. ब्रिटनमधल्या फिजिओंच्या अ‍ॅक्युपंक्चर संघटनेचा पायाभूत अभ्यासक्रम ८० तासांचा. फिजिओला शरीररचना पुन्हा शिकवावी लागत नाही हा आयोजकांचा मुद्दा खरा आहे. अमेरिकेत २०१५ मध्ये फिजिओंच्या परवाना मंडळांच्या महासंघाने करून घेतलेल्या पाहणीतही सुरक्षित ड्राय नीडलिंगला लागणारं ८६ टक्के ज्ञान मूळ पदवीतच मिळतं असं निघालं. उरलेल्या भागात सुई हाताळणं येतं, आणि या कार्यशाळेत नेमका त्यालाच वेळ कमी पडला.

आयोजकांनी हाच कार्यक्रम दोन दिवस फक्त हातापायांचा ठेवला, तुकडी १५ वर आणली आणि वरचा भाग सहा महिन्यांनी, मधल्या काळातल्या नोंदवह्या तपासून घेतला, तर आम्ही बिनदिक्कत शिफारस करू. तोवर जाणाऱ्यांनी फोनवरच विचारून घ्यावं: प्रशिक्षकामागे किती जण, प्रात्यक्षिक परीक्षा आहे का, कोणी नापास झालं आहे का, आणि छातीच्या भागाला किती तास. शेवटच्या दोन प्रश्नांना उत्तर गोलमोल आलं तर दुसऱ्या दिवशी दुपारी ट्रेनिंग टेबलवर झोपायला मॉडेल म्हणून नाव देऊ नका.

संचातल्या सुयांबद्दल: ०.२५ बाय ४० च्या, पाच सुयांना एक नळी अशा पाकिटातल्या. सरावाला ठीक. पण नळी एकदा कातडीला टेकली की ती त्याच रुग्णाची, पाकिटात सुया उरल्या तरी त्या दुसऱ्याला नाहीत. एकेका सुईला स्वतंत्र नळी असलेली पाकिटं थोडी महाग पडतात, दवाखान्यासाठी तीच घ्या. खोक्यावर निर्जंतुकीकरणाची पद्धत, लॉट क्रमांक आणि मुदत पाहा. आणि एप्रिल-मे मध्ये खोकं गाडीच्या डिकीत ठेवू नका. भुसावळ-जळगावचा पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा डिकीत त्याहून जास्त असतं, आणि पाकिटाची चिकटवलेली कड एकदा सुटली की आतली सुई निर्जंतुक धरता येत नाही.